आज तिथी कोणती?

हुगळीच्या पाण्यात डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. मुंबईच्या गोदीतलं पाणीही गढूळ, पण तिथे वर बघितलं की निदान हिरवट उजेड तरी दिसतो. हुगळीत चार फूट खाली गेलं की संपलं. स्वतःचा हात मास्कला टेकवला तरी दिसत नाही. मग बोटांनी बघायचं.

मी नौदलात डायव्हर होतो. बहुतेक दिवसांच्या तारखा डायव्हिंग लॉगमध्ये आहेत, माझ्या डोक्यात नाहीत. या एका दिवसाचं उलटं आहे. तारीख मला लॉग उघडून बघावी लागेल, तिथी मात्र पाठ आहे. फाल्गुन वद्य प्रतिपदा. धुळवड.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं जहाज थोड्या दिवसांसाठी कोलकात्याला आलं होतं. समुद्र सोडून नदीत शिरायचं आणि सुमारे दोनशे किलोमीटर आत येऊन जेट्टीला लागायचं, याचंच आम्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या पोरांना नवल. दोन्ही काठांना वीटभट्ट्या, घाट, देवळं, आणि मधून आमचं करडं जहाज पायलटच्या शब्दावर हळूहळू चाललेलं. हुगळीतले वाळूचे पट्टे सारखे जागा बदलतात. काल जिथे पाणी होतं तिथे आज असेलच याची खात्री नाही. म्हणून तिथल्या पायलटचा शब्द कप्तानही मोडत नाही.

जेट्टीला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी आमचा सराव ठरला होता. त्याला आम्ही बॉटम सर्च म्हणतो. शत्रूचा एखादा पोहणारा माणूस रात्रीतून येतो, जहाजाच्या बुडाला लिंपेट सुरुंग चिकटवतो आणि आल्या वाटेने निघून जातो. लिंपेट हे खडकाला घट्ट चिकटून बसणाऱ्या एका शिंपल्याचं नाव. हा सुरुंग तसाच, चुंबकाने लोखंडाला धरून बसतो. तो शोधून काढणं हे डायव्हरचं काम. त्यासाठी कीलपासून, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यापासून, पाण्याच्या रेषेपर्यंत एक दोर ताणायचा, त्या दोरावर ठरावीक अंतराने डायव्हर लागायचे, आणि सगळी माळ नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पिछाडीकडे सरकवत न्यायची. याला नेकलेस सर्च म्हणतात. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं लोखंड हातांनी चाचपायचं. शेवाळ, शिंपल्यांचा थर, वेल्डिंगची रेघ, झिंकच्या वड्या, हे सगळं बोटांना ओळखता आलं पाहिजे. यातलं नसलेलं काही हाताला लागलं की थांबायचं.

त्या दिवशी तीन नकली सुरुंग लावले होते. कुठे लावलेत ते फक्त आमच्या मास्टर चीफना ठाऊक. ते मालवणचे. मी दाभोळच्या खाडीवरचा. त्यामुळे कोणी आजूबाजूला नसलं की ते माझ्याशी मालवणीत बोलायचे आणि मला झिला, म्हणजे पोरा, म्हणायचे. माणसं पाण्यात असताना मात्र एक शब्द जास्तीचा नाही.

नदीत असं काम पाणी थांबलेलं असतानाच करता येतं. भरती पूर्ण होते, पाणी थबकतं, आणि मग सुकती सुरू होते. त्या मधल्या थबकण्यात काम उरकायचं. समुद्रावरच्या बंदरात ही वेळ बऱ्यापैकी मोठी मिळते. हुगळीत ती फार थोडी, आणि उधाणाच्या दिवसांत तर पाणी नुसतं दम घेतं आणि उलटं फिरतं. डेहराडूनहून छापून येणारे भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते चीफनी आदल्या रात्रीच काढून ठेवले होते. दुपारची वेळ नेमून दिली होती.

ती वेळ टळली. सराव बघायला काठावरून काही वरिष्ठ मंडळी येणार होती, त्यांना उशीर झाला. चीफनी दोनदा जाऊन सांगितलं की पाणी थांबणार नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा परवानगी मिळाली, तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

आम्ही उतरलो. इंजिनरूमला पाटी लागली, डायव्हर पाण्यात असल्याचा निळा-पांढरा झेंडा चढला. पहिला सुरुंग नाळेपासून थोड्याच अंतरावर, दुसरा मध्यावर बिल्ज कीलच्या, म्हणजे बुडाच्या कडेला असलेल्या लांब पट्टीच्या, आत मिळाला. तिसरा नाही. माळ पिछाडीपर्यंत आली. आता उरले प्रोपेलर, शाफ्ट आणि सुकाणू. तिथे माळ चालत नाही, एकेकट्याने जावं लागतं, कमरेला लाइफलाइन बांधून. चीफनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, बास, वर या सगळे.

मी हात वर केला. म्हटलं, चीफसाहेब, तेवढं पिछाडीचं बघून येतो. पाच मिनिटं.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. जेट्टीच्या खांबाजवळ एक काडी तरंगत होती, ती जागची हलत नव्हती. पाच मिनिटं, ते म्हणाले. एकही जास्त नाही.

ती चूक माझी होती. उशीर ज्यांच्यामुळे झाला त्यांचा राग मला बरीच वर्षं होता, पण ती पाच मिनिटं मी मागितली होती.

खाली गेलो. शाफ्टचा ब्रॅकेट, म्हणजे प्रोपेलरच्या दांड्याला बुडाखाली धरून ठेवणारा आधार, सापडला. त्याच्यावरून हात फिरवत पलीकडे गेलो. प्रोपेलरची पात, तिची कड, मग शाफ्ट पुन्हा. ब्रॅकेटच्या मुळाशी, जिथे तो बुडाला जोडलेला असतो, तिथे बोटांना एक गोलसर कड लागली. शिंपला नव्हता, वडीही नव्हती. तेवढ्यात लाइफलाइनवर वरून चार झटके आले: वर ये.

मी गेलो नाही. अजून एक हात, म्हणजे पुरती खात्री होईल, एवढंच मनात होतं. तेवढ्या वेळात पाणी फिरलं.

सुकती लागली की ती हळूहळू वाढते असा माझा आयुष्यभराचा अनुभव. दाभोळला तसंच होतं. इथे कोणीतरी मागून खांद्याला धरून ओढावं तसं झालं. एक हात ब्रॅकेटवर होता, तो सुटला. मी जहाजाच्या पिछाडीखालून बाहेर फेकला गेलो आणि एका झटक्यात थांबलो, कारण लाइफलाइन ब्रॅकेटला वळसा घालून अडकली होती. दोर ताठ. मी प्रवाहात पतंगासारखा लटकलेलो, डोक्यावर नदी, खाली नदी, कुठल्या बाजूला काठ ते कळत नाही. मी चार झटके दिले. पुन्हा चार दिले. वरती दोर धरून उभा असलेला पोरगा नंतर रडत सांगत होता की त्याच्या हाताला काहीही लागलं नाही. लागणारच नव्हतं. माझे झटके ब्रॅकेटपर्यंत जाऊन तिथेच संपत होते.

सेटमध्ये हवा होती, पण मास्क निम्मा भरलेला. पोटरीवरचा सुरा काढला आणि दोर कापला.

वर आलो तेव्हा जहाज बरंच मागे गेलं होतं. आमची जेमिनी, म्हणजे रबरी बोट, मला जहाजाच्या दुसऱ्या बाजूला शोधत होती. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू कसं जाणार! काठाकडे पोहू लागलो, तर पाणी आणखी मध्ये नेत होतं. उपयोग नाही हे कळल्यावर पाठीवर झालो, वजनाचा पट्टा सोडून दिला आणि प्रवाहाबरोबर जायचं ठरवलं. एवढं मात्र वडिलांनी शिकवलेलं शहाणपण त्या वेळी आठवलं: खाडीशी भांडायचं नाही, ती नेईल तिकडे जायचं आणि तिरकं तिरकं काठाला लागायचं.

एका म्हाताऱ्या मांझीने मला उचललं. लांबट, काळी, डांबर लावलेली नाव, मागे एक मोठं वल्हं. त्याने काही विचारलं नाही. काखेत हात घालून मला माशासारखं आत घेतलं. केसांत गुलाल, कानाच्या पाळीवर गुलाल. गळ्यातला लाल चौकड्यांचा गमछा काढून त्याने माझ्या तोंडावर टाकला आणि पुस म्हणून खूण केली. त्या गमछालाही अबीर लागलेला, पुसल्यावर माझंही तोंड गुलाबी झालं असणार. मग नदीकडे हनुवटी करून तो म्हणाला, ‘काल पूर्णिमा गेछे ना! एखोन भाटार टान.’

मला बंगाली येत नव्हतं. एवढं कळलं.

जहाजावर आल्यावर डॉक्टरांनी तपासलं, कान-छाती ठीक निघाली. चौकशी होणार होती, ती पुढे झाली. चीफ काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर पिछाडीच्या डेकवर बसले होते, मला बोलावलं. बसलो. खालून सुकती संपून पुन्हा भरती लागलेली, पाणी जेट्टीच्या खांबांवर उलट्या बाजूने चुळचुळत होतं.

‘झिला, आज तिथ खयची?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, प्रतिपदा. काल पुनव झाली. होळी.

‘म्हायत होता ना तुका?’

होतं. सकाळपासून मी दुसरा विचारच केला नव्हता. गावाला शिमग्याची पालखी दारोदार फिरत असेल, आमच्या अंगणात येईल, आई ओटी भरेल, हेच डोक्यात. पुनवेला नि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, हे मला बोलता येऊ लागल्यापासून माहीत. भांग म्हणजे पाणी मंद, चढ कमी, ओढ कमी. उधाण म्हणजे दर्या अंगावर येतो तो दिवस, आणि त्याचा खरा जोर पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी. कोळ्याचं पोरही सांगेल. पण गणवेश चढवला की आपण तक्त्यातली वेळ बघतो, चंद्र बघत नाही. त्या सकाळी मी पौर्णिमा नुसती घराशी जोडली, पाण्याशी जोडली नाही.

मग चीफनी एक गोष्ट सांगितली. ज्यांनी त्यांना पाण्याखाली काम शिकवलं, ते १९७१ साली काही महिने याच नदीच्या वरच्या अंगाला होते. कशासाठी, ते त्यांनी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. जागेचं नाव पलाशी. होय, १७५७ ची लढाई झाली तीच प्लासी. तिथे नदीला भागीरथी म्हणतात, खाली आली की हुगळी. ‘तुका ज्या पान्यान न्हेल्यान, ता थंयसूनच येता,’ चीफ म्हणाले.

त्या रात्री मला तुकडे कळले. बाकीचं पुढे, निवृत्तीनंतर, जसजसं छापून येत गेलं तसतसं वाचलं. १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी नौदलाची ‘मँग्रो’ ही पाणबुडी फ्रान्समध्ये तुलाँ बंदरात होती. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौजेने बंगाली लोकांची कत्तल सुरू केली, त्याची बातमी तिच्यावरच्या बंगाली खलाशांना लागली. त्यातले आठ जण निसटून भारतात पोहोचले. त्या आठ जणांपासून एका सैन्याची सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ठरवलं, नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय यांनी सूत्रं हातात घेतली, आणि प्रत्यक्ष काम सोपवलं कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्यावर. मराठी माणूस, पाणबुडीवाला, ‘करंज’ पाणबुडी १९६९ साली नौदलात दाखल झाली तेव्हा तिचा पहिला कप्तान. पलाशीला भागीरथीच्या काठी छावणी पडली आणि निर्वासितांच्या तांड्यांमधून पोरं निवडली गेली. विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरं, ज्यांना पोहता येतं अशी. चारशेहून जास्त जण तिथे तयार झाले.

मी हे वाचत होतो तेव्हा प्रत्येक ओळीला माझं अंग साक्ष देत होतं. त्यांच्याकडे ना हवेचा सेट, ना लाइफलाइन, ना जेमिनी. पायात फिन्स, एक सुरा, आणि पाच किलोंच्या आसपासचा लिंपेट छातीशी गमछाने बांधलेला. आधी विटा बांधून पोहायला लावायचे, तासन्‌तास. सुरा कशाला, हे डायव्हर नसलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. बुडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर असला तर चुंबक लोखंडाला पोहोचतच नाही. आधी खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. अंधारात, एका हाताने जहाजाला धरून, वर पहारेकरी फिरत असताना. मी दिवसा, सरावात, परवानगीने बोटं फिरवत होतो तरी माझं काळीज वाजत होतं.

आणखी एक गोष्ट. सुरुंगाला एक खुंटी असते, ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि मग सुरुंग जागा होतो. पण पोरांना जहाजापर्यंत पोहत जायलाच इतका वेळ लागणार की खुंटी वाटेतच विरघळायची, सुरुंग छातीवरच असताना. म्हणून तिच्यावर कंडोम चढवले. पोहोचल्यावर काढायचा, मग सुरुंग लावायचा. कुठल्यातरी भांडारात ते मागवण्याची चिठ्ठी गेली असेल, कोणीतरी ती मंजूर केली असेल. त्या माणसाला हे कशासाठी ते सांगितलंही नसेल. लढाई म्हटलं की आपल्याला तोफ दिसते. मला त्या भांडारातला कारकून दिसतो, आणि डेहराडूनला बसून भरतीचे तक्ते करणारा माणूस दिसतो. नौदलातली अर्धी माणसं असलंच काम करतात आणि त्यांची नावं कुठेच येत नाहीत.

१५-१६ ऑगस्टच्या रात्री पूर्व पाकिस्तानातली चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज ही बंदरं, चारही ठिकाणी एकाच वेळी हल्ला झाला. इशारा कोलकात्याच्या आकाशवाणीवरून दिला गेला. दोन गाणी ठरलेली होती. पहिलं लागलं की तयारी, दुसरं लागलं की निघा. तुकडीच्या म्होरक्याजवळ एक ट्रान्झिस्टर. ती गाणी त्या दिवशी हजारो घरांत वाजली असतील. चितगावला ठरलेल्यांपैकी सगळे पोहोचूही शकले नव्हते, जे पोहोचले त्यांनी काम केलं. ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही मालवाहू जहाजं चितगावच्या कर्णफुली नदीत बुडाली. बाकी बंदरांतही तेच. त्यानंतर परदेशी जहाजं त्या बंदरांत यायला कचरू लागली, आणि पाकिस्तानी फौजेची रसद त्या पाण्यावरूनच येत होती.

इथे मी अडलो. तारीख १५ ऑगस्टच का? आदल्या दिवशी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी आपला, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही असेल. पण माझ्या कानात चीफचा प्रश्न होता. मी १९७१ सालचं पंचांग मिळवलं. श्रावण वद्य पक्ष. गोकुळाष्टमी नुकतीच होऊन गेलेली.

मी ते पान किती वेळ बघत बसलो होतो सांगता येत नाही. अष्टमी होऊन एक-दोन दिवस, म्हणजे भांग. महिन्यातलं सगळ्यात मंद पाणी. शिवाय वद्य पक्षातला चंद्र, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत काळोख. पलाशीला भागीरथीचा प्रवाह असतो पण भरती-ओहोटी नसते, ती तिथवर चढत नाही. म्हणजे पोरांचा सराव एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्यात झालेला. आणि काम करायचं कर्णफुलीत नि मोंगलाच्या पशूर नदीत, जिथे नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. ती पोरं जर पौर्णिमेला किंवा अमावास्येला उतरली असती तर जे मला झालं ते त्यांना झालं असतं, आणि त्यांना उचलायला गुलाल लावलेला मांझी आला असता की पाकिस्तानी गस्तीची बोट, कोण सांगणार. ज्यांनी तारीख ठरवली ते नौदलाचे लोक होते, पाणी बघितल्याशिवाय त्यांनी माणसं पाण्यात सोडली असतील असं मला वाटत नाही. गुप्तवार्ता म्हणजे नुसती शत्रूची बातमी नव्हे. कुठल्या रात्री पाणी आपल्या बाजूने आहे, हीसुद्धा बातमीच.

आपल्याकडे हे कोणाला नव्याने सांगायला नको. १६७९ साली खांदेरीवर महाराजांचं बांधकाम चालू होतं आणि इंग्रजांची मोठी गलबतं वेढा देऊन उभी होती, तरी आपल्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या वल्हवत बेटावर माल पोहोचवत राहिल्या. वारा पडला की मोठं जहाज जागचं हलत नाही, आणि खडकाजवळच्या उथळ पाण्यात तर ते येतच नाही. अमेरिकनांनाही १९६५ च्या अखेरीस व्हिएतनामात मेकाँग नदीच्या मुखाशी हेच शिकावं लागलं. त्यांनी नदीसाठी वेगळं पथक उभं केलं, फायबरग्लासच्या छोट्या बोटी आणल्या, आणि त्यांना प्रोपेलरऐवजी पाण्याच्या झोतावर चालणारी यंत्रणा बसवली, म्हणजे उथळ, गवताळ पाण्यात काही अडकायला नको. आपल्याकडे १९७१ साली एवढा वेळही नव्हता. कोलकाता पोर्टच्या दोन बोटी घेतल्या, त्यांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा चढवल्या आणि नावं दिली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. खलाशी बहुतेक मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांपैकी, अधिकारी आपले.

त्या बोटींचं पुढे जे झालं ते मला शांतपणे लिहिता येत नाही. डिसेंबरमध्ये युद्ध उघड सुरू झाल्यावर सामंतांच्या हाताखाली ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि आपली गस्ती नौका ‘पनवेल’ पशूर नदीतून वर निघाल्या. १० तारखेला सकाळी मोंगला हाती आलं. तिथून पुढे खुलनाकडे. दुपारच्या सुमारास वर विमानं आली. ग्नॅट, म्हणजे आपलीच. ओळख पटावी म्हणून बोटींच्या वरच्या भागावर पिवळी खूण केलेली होती. विमानं आपली आहेत हे सामंतांनी ओळखलं आणि गोळीबार करू नका असा हुकूम दिला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ जळाल्या.

‘पलाश’च्या इंजिनरूममध्ये रुहुल अमीन होते, बांगलादेशच्या नौदलाचे इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिनाचे कारागीर. बोट वाचवायला ते शेवटपर्यंत खाली थांबले, जखमी होऊन पोहत काठाला लागले, आणि काठावर रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानी फौजेला साथ देणाऱ्या स्थानिक टोळ्यांनी, त्यांना मारलं. बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठो हा सर्वोच्च सन्मान दिला. रूपशा नदीच्या काठी त्यांची कबर आहे. आपले लीडिंग सीमन चिमणसिंग यादव स्वतः जखमी असताना पाण्यातल्या साथीदारांना काठापर्यंत घेऊन गेले, काठावरून गोळ्या येत होत्या, ते पकडले गेले आणि युद्ध संपल्यावर सुटले. ‘पनवेल’ वाचली आणि तिने पाण्यातली माणसं उचलली. सामंत, ‘पनवेल’चे कप्तान नोरोन्हा आणि चिमणसिंग, तिघांनाही महावीरचक्र मिळालं.

पिवळी खूण होती. ज्याला ती वाचायची होती त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. मी चार झटके दिले होते, ते ब्रॅकेटवर संपले. माझी गोष्ट त्यांच्या पासंगालाही लागत नाही, हे मला कळतं. पण ताठ झालेला दोर, आपण जीव खाऊन खूण करतोय आणि पलीकडे ती लागत नाही, एवढं मात्र मी हाताने अनुभवलेलं आहे. ‘पद्मा’वरची माणसं वर बघून काय ओरडली असतील, याचा विचार आला की मला पुढे वाचवत नाही.

चीफ त्या रात्री एवढं सगळं बोलले नाहीत. त्यांनी फक्त पलाशीचं सांगितलं, विटांचं सांगितलं, आणि म्हणाले की त्यांना शिकवणारे रोज संध्याकाळी पोरांना एकच प्रश्न विचारायचे. तोच त्यांनी मला विचारला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या आधी चीफनी परवानगी काढली. तिसरा सुरुंग अजून खालीच होता, तो काढायला हवा होता. मला वाटलं दुसऱ्याला पाठवतील. त्यांनी माझ्याकडे बघून सेट पुढे केला. जेट्टीवर या वेळी कोणी पाहुणे नव्हते. पाणी थांबण्याच्या आधी पंधरा मिनिटं आम्ही तयार होऊन बसलो. खांबाजवळ एक काडी वरच्या अंगाला चालली होती, मग रेंगाळली, मग थांबली. लाइफलाइन चीफनी स्वतः हातात घेतली.

ब्रॅकेटच्या मुळाशी ती गोल कड होती तिथेच होती.  सुरुंग उपसला, दोन झटके दिले, दोन परत आले. वर आलो आणि तो डेकवर ठेवला. चीफनी लॉग उघडला, उतरण्याची वेळ लिहिली, वर आल्याची लिहिली, आणि समोरच्या समासात पेन्सिलीने लिहिलं: फाल्गुन वद्य द्वितीया.